सेशनचा दर ठरवण्याआधी

थेरपी सेंटरची नोकरी सोडून ठाणे-नवी मुंबईत स्वतःचं काम उभं करू पाहणाऱ्या बिहेविअर थेरपिस्टसाठी हे लिहितेय. एबीए (वर्तनाची नोंद घेत मुलाला टप्प्याटप्प्याने शिकवण्याची पद्धत) काय असतं, डेटा कसा घेतात, हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

आधी सर्टिफिकेटचं. बीएसीबी या अमेरिकेतल्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने 2023 पासून भारतातले नवे अर्ज घेणं बंद केलंय. तेव्हा इथे बसून बीसीबीए (त्याच संस्थेचं बिहेविअर ॲनालिस्टचं सर्टिफिकेट) करून देतो असं कुणी सांगितलं, तर एक रुपयाही भरू नका. आयबीएओ आणि क्यूएबीए या अशाच दुसऱ्या संस्थांचे मार्ग खुले आहेत. 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत बिहेविअरल ॲनालिस्टचा उल्लेख आहे, ही आपल्यासाठी चांगली गोष्ट. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागते, ती नसेल तर पाटीवर तसं लिहू नका. आणि 40 तासांच्या कोर्सवर एकट्याने दुकान मांडू नका, मुलांचं नुकसान होतं. मेंटॉर निवडताना एकच बघा: तो तुमचे मुलांच्या प्रगतीचे ग्राफ उघडून बघतो का? नुसता धीर देणाऱ्याला दरमहा फी देणं मला अजिबात पटत नाही.

आता दर. नवा माणूस जवळच्या सेंटरचा तासाचा दर विचारतो, त्यातून थोडे कमी करतो आणि कामाला लागतो. मीही त्यातच अडकले होते. समजा तुम्ही सेशनचे 800 रुपये घेता. सेशन एक तास, घोडबंदर रोडवरून जायला-यायला पाऊण तास (तोही नशीब चांगलं असेल तर), घरी येऊन डेटा ग्राफवर चढवणं, उद्याचा प्रोग्राम लिहिणं, कार्डं कापून लॅमिनेट करणं, याला अर्धा तास. म्हणजे सव्वादोन तासांचे 800. तासाला साधारण 355 रुपये, रिक्षाचं भाडं अजून वजा व्हायचंय. त्यात मुलाच्या आईचा रात्रीचा फोन आणि शाळेतल्या शॅडो टीचरशी (वर्गात मुलासोबत बसणाऱ्या मदतनीस बाईंशी) बोलणं धरलेलंच नाही. मग मे महिना येतो, कुटुंबं गावी जातात. गणपतीत पुन्हा कोकण. नोकरीत असताना या सुट्ट्या पगारात झाकल्या जात होत्या, आता त्या तुमच्या खिशातून जातात.

म्हणून सेशनचा नव्हे, महिन्याचा दर सांगा. प्रोग्राम लिहिणं आणि पालकांची बैठक बिलात वेगळी दाखवा. सेशन आदल्या दिवसापर्यंत रद्द केलं तर बदली वेळ, ऐनवेळी केलं तर पैसे लागू, हे पहिल्याच भेटीत कागदावर घ्या. एका दिवशी खाडीच्या एकाच बाजूची घरं घ्या; कासारवडवली आणि ऐरोली एकाच संध्याकाळी करू नका. महिन्याचे पैसे आगाऊ मागितले तर पालक जातील, ही भीती मलाही होती. मुलाचा ग्राफ समोर ठेवून समजावलं की बहुतेक जण थांबतात. ऑटिझम असलेल्या मुलासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं, थेरपीही त्यात येते. हे त्यांना आवर्जून सांगा. उद्यमची (छोट्या व्यवसायांची सरकारी) नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

मुलांसोबतचं काम झेपेनासं झालं तर शिकलेलं वाया जात नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत बिहेविअर बेस्ड सेफ्टीचं (कामगारांच्या सवयी बघून अपघात टाळण्याचं) काम असतं, आणि नॅशनल सेफ्टी कौन्सिलचं मुख्यालय सीबीडी बेलापूरलाच आहे. तिथले कोर्स बघा. रबाळ्याच्या एका युनिटमध्ये कामगार गॉगल काढून ठेवायचे. त्यांना भाषणं देऊन झाली होती. मी मशिनपाशी उभी राहून नोंद घेतली: घामाने काच धुरकट झाली की दोन मिनिटांत गॉगल कपाळावर. काढला की लगेच स्पष्ट दिसतं, वर्तनाला ताबडतोब बक्षीस! काच धुरकट न होणारे गॉगल आणल्यावर आणि सुपरवायझरने वापरणाऱ्याची तिथल्या तिथे दखल घेतल्यावर चित्र बदललं. आपल्याला हे बघायची सवय असते, ती मोलाची आहे. मात्र सेफ्टी ऑफिसर व्हायला वेगळा डिप्लोमा लागतो, तसा दावा करू नका.

तिथेही तोच सापळा आहे. कंपनी विचारते, "एका दिवसाच्या ट्रेनिंगचे किती?" दिवसाचा आकडा सांगू नका. आधीचं निरीक्षण, ट्रेनिंग, नंतरचं निरीक्षण आणि रिपोर्ट मिळून एकच कोटेशन द्या. पैसे उशिरा येतात, तेवढ्या महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच पाऊल टाका.

आणि वाट बदलताना कुठलंही मूल अर्ध्यावर सोडू नका. पालकांना किमान महिनाभर आधी सांगा, फाइल नव्या थेरपिस्टच्या हाती द्या, आणि दोन सेशन तिच्या शेजारी बसून करा.