विहिरीत टीसीएल टाकताना

पंचगंगेच्या पुराचं पाणी ओसरलं की कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्या विहिरी गढूळ होतात. मग घाईघाईनं टीसीएल पावडरीची, म्हणजे जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या ब्लिचिंग पावडरीची मूठ थेट पाण्यात भिरकावली जाते. तसं करू नका.

आधी पाणी मोजा. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीनं आणि 785 नं गुणा, म्हणजे लिटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर साधारण 28,000 लिटर. हजार लिटरला 2.5 ग्रॅम या हिशोबानं 70 ग्रॅम पावडर लागेल. पुराचं पाणी आत गेलं असेल, तर मोजण्याआधीच उपसा करून गाळ काढा. गाळ आणि कचरा क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंसाठी काही उरतच नाही.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा, पाणी घाला, दहा मिनिटं थांबा. खाली चुना बसतो, तो विहिरीत जाऊ देऊ नका, पाणी जड होतं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरीनं सोडा आणि पाण्यात वरखाली हलवा. हे रात्री केलेलं बरं, सकाळपर्यंत कुणी उपसत नाही. निदान तासभर तरी थांबायलाच हवं.

मग ओटी चाचणी करा, म्हणजे विहिरीचं थोडं पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीन या द्रावणाचे थेंब टाका. ते पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर पुन्हा मात्रा द्या आणि तोवर पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. पावडर जुनी, ओलसर असेल तर तिच्यात जोर उरलेला नसतो. डबा घट्ट बंद ठेवा.