नो पार्किंगचं चलान मान्य नसेल तर: हरकत घेण्याआधीची तयारी

मोबाईलवर चलानाचा मेसेज आला की बहुतेक जण ‘कोण नादी लागणार’ म्हणत पैसे भरून मोकळे होतात. काही जण चौकात जाऊन हवालदाराशी हुज्जत घालतात आणि रक्तदाब वाढवून घरी येतात. चुकीचं चलान यातल्या कशानेच रद्द होत नाही. त्या वेळी त्या जागी गाडी लावायला मनाई नव्हती, किंवा फोटोतली गाडी तुमची नव्हती, एवढं कागदावर दाखवता आलं तरच ते रद्द होतं. आणि जागेचा पुरावा फार लवकर जातो: फांद्या छाटल्या जातात, पट्टे नव्याने रंगवले जातात, पडलेला फलक उभा राहतो. त्यामुळे आधी जागा, मग अर्ज, हा क्रम मोडू नका. हे सगळं महाराष्ट्रातल्या शहरांतल्या ई-चलानाबद्दल आहे.

मेसेज आला की त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. ‘आरटीओ चलान’ अशा नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) व्हॉट्सॲपवर पाठवून बँक खाती साफ करणाऱ्या टोळ्या आहेत, आणि खरं चलान एपीके फाइल होऊन कधीच येत नाही. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून महाट्रॅफिक ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर जा, गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलान खरं असेल तर तिथे दिसेल. नसेल तर विषय संपला. जाता जाता एक काम करा: परिवहनच्या पोर्टलवर गाडीशी जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, ते बघा. जुना नंबर बंद पडलाय आणि चलानं वर्षभर साठत राहिलीत, असं सर्रास होतं.

चलान खरं निघालं तरी लगेच भरू नका. आपण ‘दंड भरला’ म्हणतो ते कायद्याच्या भाषेत तडजोड शुल्क असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली ते भरलं की प्रकरण तिथेच मिटतं. ‘आधी भरतो, मग भांडतो’ हा मार्ग नाही. पाचशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण राज्यात डिसेंबर २०२१ पासून लागू असलेल्या दरांनुसार पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतर त्याच गुन्ह्याला १५०० रुपये. आज चुकीचं चलान मुकाट्याने मान्य केलं, तर पुढचं तिप्पट होऊ शकतं. आणि दिवसभर गाडी फिरवून पोट भरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोराला किंवा टेम्पोवाल्याला पाचशे रुपये ही लहान रक्कम नाही. हे विशेषतः त्यांच्यासाठी लिहितोय.

आता चलानावरचा फोटो मोठा करून शांतपणे बघा. नंबर प्लेट वाचता येते का? ८ आणि ३, किंवा ० आणि ६, यांची गल्लत झाली आहे का? गाडीचा रंग, मॉडेल तुमचंच आहे का? फोटोत मनाईचा फलक किंवा पिवळा पट्टा दिसतो का, की नुसता गाडीचा मागचा भाग टिपलाय आणि आजूबाजूचं काहीच कळत नाही? ठिकाण म्हणून काय लिहिलंय? ‘अमुक रोड’ एवढंच असेल, तर दोन किलोमीटरच्या त्या रस्त्यावर नेमकं कुठे, हा प्रश्न तुमच्या बाजूचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेला नियम १६७-अ पाठ करण्यासारखा आहे. कॅमेऱ्यावरून दिलेल्या चलानात गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं हे असायलाच हवं, आणि नोटीस घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठवायला हवी, असं तो सांगतो. यातलं जे नसेल ते टिपून ठेवा. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने कर्मचाऱ्यांना बजावलं होतं की स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर सवडीने चलान टाकू नका. फोटोची वेळ आणि चलान तयार झाल्याची वेळ यांत मोठी तफावत असेल, तर अर्जात हा मुद्दा नक्की घ्या.

यानंतर स्वतःशी प्रामाणिक होण्याची पाळी. ‘तिथे फलकच नव्हता’ हे कारण सगळीकडे चालत नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनुसार फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचा कोपरा, बसथांब्यालगतची जागा, शाळेचं आणि दवाखान्याचं फाटक, कुणाच्या इमारतीचं प्रवेशद्वार, आधीच उभ्या असलेल्या गाडीला खेटून दुसरी रांग, इथे फलक असो नसो, गाडी लावता येत नाही. तुमची गाडी यापैकी कुठे असेल तर पैसे भरा. चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्या माणसाला तुमच्या गाडीमुळे रस्त्यात उतरावं लागलं असेल, तर ‘पाचच मिनिटं लावली होती’ याला काही अर्थ नाही.

चूक नाही याची खात्री असेल तर त्याच दिवशी, जमल्यास त्याच वेळेला, जागेवर जा. गाडी होती तिथे उभं राहून चारही दिशांचे फोटो घ्या. मग एक सलग व्हिडिओ: रस्त्याच्या एका टोकापासून गाडीच्या जागेपर्यंत आणि तिथून पुढच्या चौकापर्यंत, न थांबवता. फलक नाही हे एका फोटोने सिद्ध होत नाही, कारण तो फ्रेमच्या बाहेर असू शकतो. व्हिडिओने होतं. फलक असेल तर तो चालकाच्या नजरेतून कसा दिसतो ते टिपा. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सने अर्धा झाकलेला, वडाच्या पारंब्यांत हरवलेला, खांबावर उलटा फिरलेला, किंवा बाण इतका पुसट की मनाई डावीकडे की उजवीकडे तेच कळू नये असा फलक आपल्या शहरांत शोधावा लागत नाही. बाणाचा फोटो जवळून घ्या. फलकाखाली वेळ लिहिली असेल, ‘सकाळी ८ ते रात्री ८’ अशी, तर तीही स्पष्ट यायला हवी, कारण चलान रात्री साडेआठचं असेल तर तेवढ्यावर काम होतं.

पुण्यासारख्या शहरात पी-१, पी-२ फलकांची वेगळी गंमत असते आणि चलानंही तिथेच पुष्कळ होतात. सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलते, आणि तारीख रात्री बाराला बदलते. संध्याकाळी योग्य बाजूला लावलेली गाडी पहाटे चुकीच्या बाजूला ठरते. ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, म्हणजे बाजू त्या दिवशी बदलत नाही. चलान अशा दिवसाचं असेल तर कॅलेंडर उघडून तारीख नीट पडताळा, चूक पोलिसांचीही असू शकते.

फोटो मूळ फाइल म्हणून जपा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ आणि ठिकाणाची नोंद निघून जाते, त्यामुळे ई-मेलने स्वतःलाच पाठवून ठेवा. पे अँड पार्कची पावती थर्मल कागदावरची असते, खिशात राहिली तर महिन्याभरात कोरी होते. हातात पडताच फोटो काढा. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर दुकानदाराला आजच विनंती करा, कारण बहुतेक यंत्रांत थोड्या दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. प्रकरण कोर्टात गेलं तर या फोटो-व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबत द्यायचं, प्रमाणपत्र लागेल, त्यासाठी मूळ फोनही सांभाळा.

फारसं कुणी मागत नाही, पण सगळ्यात वजनदार कागद म्हणजे त्या रस्त्याला नो पार्किंग ठरवणारा आदेश. कुणीतरी फलक ठोकला म्हणून रस्ता नो पार्किंग होत नाही. सोसायट्या आणि दुकानं स्वतःच्या खर्चाने ‘नो पार्किंग, हवा सोडली जाईल’ असे पत्रे लावतात, त्यांना कायद्याचं बळ नसतं (फाटक अडवलं असेल तर गोष्ट वेगळी, ते वर आलंच). शहरात असा आदेश साधारणपणे वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांच्या सहीने निघतो. तो हवा असेल तर माहितीचा अधिकार वापरा: दहा रुपये शुल्क, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गाऱ्हाणं न मांडता थेट विचारा: ‘अमुक रस्त्यावर, अमुक इमारतीसमोर, अमुक तारखेस लागू असलेल्या पार्किंग मनाई आदेशाची प्रत द्यावी.’ माहितीची वाट बघत हरकत मात्र अडवून ठेवू नका. हरकत आधी नोंदवा, आदेशाची प्रत मागून जोडा.

गाडी उचलून नेली असेल तर थोडं वेगळं. कलम १२७ प्रमाणे गाडी उचलण्याची परवानगी गणवेशातल्या, त्या हद्दीच्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायची असते. टोइंग व्हॅनवरच्या पोरांनी आपल्या मनाने उचलायची नाही. सोडवायला जाल तेव्हा गाडीवर नवा ओरखडा, वाकलेला आरसा आहे का ते आवारातच बघा आणि फोटो घ्या, बाहेर आल्यावर कुणी मान्य करणार नाही. टोइंगचं शुल्क आणि दंड वेगवेगळे दाखवणारी पावती मागा, आणि दंड मान्य नसल्याने तो चलानावर बाकी ठेवता येईल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

अर्ज एका पानाचा पुरे. सरकारी कार्यालयात चार पानी कैफियत कुणी वाचत नाही. असं लिहा: ‘चलान क्र. अमुक, दि. अमुक, वाहन क्र. अमुक. सदर ठिकाणी मनाईचा फलक वा पट्टा नाही, सोबत रस्त्याचा सलग व्हिडिओ व चार छायाचित्रे जोडली आहेत. चलानावरील छायाचित्रातही फलक दिसत नाही. सबब सदर चलान रद्द करावे.’ वडील आजारी होते, घाईत होतो, हे खरं असलं तरी मुख्य मुद्द्याच्या आधी नको. आधी जागा, मग परिस्थिती. संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, आणि तोच अर्ज ज्या वाहतूक विभागाच्या हद्दीत चलान झालं तिथे प्रत्यक्ष नेऊन द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी ‘बघतो’ची पोच नसते. फोटोतली गाडीच तुमची नसेल, तर आरसीची प्रत, गाडीचे पुढून-मागून फोटो आणि त्या वेळी गाडी कुठे होती याचा पुरावा जोडा. तुमचाच नंबर दुसऱ्या गाडीवर असल्याचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही द्या. त्या गाडीने उद्या अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतील.

लोकअदालतीची नोटीस आली तर एक लक्षात घ्या: तिथे तडजोड होते, निवाडा होत नाही. रक्कम कमी होऊ शकते, पण तुम्ही बरोबर होतात हे कुणी ठरवत नाही, आणि तिथल्या निकालावर अपील नाही. चलान मान्य नसेल तर तडजोडीला नाही म्हणण्याचा हक्क आहे. प्रकरण व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात गेलं असेल, तर दंड भरण्याच्या पर्यायाशेजारी दावा लढवण्याचा पर्याय असतो. तो निवडला की नेहमीच्या कोर्टात तारीख लागते. चलान खूप जुनं असेल तर आणखी एक बघा: फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायला हवी, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ सांगतं. उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण मुद्दा मांडायला हरकत नाही.

कोर्टात वकील लागतोच असं नाही. गर्दी असते, नावं भराभर पुकारली जातात आणि ‘गुन्हा कबूल आहे का’ हा प्रश्न क्षणात येऊन जातो. आजूबाजूचे सगळे ‘हो’ म्हणत असतात, तुम्ही ‘कबूल नाही’ असं स्पष्ट म्हणा. पुढची तारीख मिळेल, कदाचित त्यापुढचीही. फायलीत वरून खाली हा क्रम ठेवा: चलानाची प्रिंट, जागेचे फोटो, पोच असलेला अर्ज, माहिती अधिकारातलं उत्तर, आरसी. न्यायाधीशांसमोर दोन मिनिटं मिळतात, ती कागद शोधण्यात घालवू नका. चलान रद्द झालं की आठवड्याभराने संकेतस्थळावर पुन्हा गाडीचा नंबर टाका. अजूनही थकीत दिसत असेल तर आदेशाची प्रत घेऊन त्याच वाहतूक विभागात जा आणि समोर बसून नोंद बदलून घ्या, नाहीतर पुढच्या नाकाबंदीत तेच चलान पुन्हा समोर येईल.