वर्गासाठी झेरॉक्स काढण्यापूर्वी

मी शिकवते, त्यामुळे दुसऱ्याचं लिखाण वर्गात न्यावंच लागतं. पान मशीनवर ठेवण्याआधी मी एक गोष्ट बघते: ही प्रत हातात आल्यावर मुलांना मूळ पुस्तक घ्यायची गरज उरते का? एखाद्या उताऱ्यावर चर्चा करायची असेल, तर तो खुशाल घ्या. पण वर्कबुक विकलं जातं तेच वर्गासाठी. त्याची पानं छापून वाटली की लेखकाचं गिऱ्हाईकच आपण तोडतो. तिथे चार पानंसुद्धा मला जास्त वाटतात.

कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे 1886 चा बर्न करार. त्याच्या दहाव्या कलमात शिकवताना उदाहरण म्हणून वापरायला वाट ठेवली आहे. मात्र वापर रास्त हवा आणि स्रोत व लेखकाचं नाव द्यायला हवं. नेमकी मर्यादा त्या त्या देशाचा कायदा ठरवतो, तो आधी वाचा. नाव उताऱ्याला अगदी चिकटून लिहा. तळाशी लिहिलेलं नाव झेरॉक्समध्ये कडेबरोबर कापलं जातं, हे फार वेळा पाहिलंय.

पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका, मूळ लिंक द्या. काही लेखक आपलं लिखाण ठरावीक अटींवर वापरायला आधीच मोकळं ठेवतात, तो क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना. त्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल नको) असेल, तर बदललेली प्रत वाटता येत नाही, भाषांतरसुद्धा नाही. कल्पनेवर मात्र कॉपीराइट नसतो. तोच मुद्दा स्वतःच्या आकड्यांनी, स्वतःच्या शब्दांत मांडलेला प्रश्न तुमचाच.

पुस्तक बाजारात मिळतच नसेल, तर प्रकाशकाला सरळ लिहा: कोणती पानं, किती मुलं, कधीपर्यंत.