माजावर आलेल्या कुत्रीची काळजी

भाद्रपद आला की गल्लीतील कुत्र्यांचे माजाचे दिवस सुरू होतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. परंतु घरात वाढलेली कुत्री महिना पाहत नाही. ती साधारणतः ६ ते १२ महिन्यांची असताना, मोठ्या जातीची असल्यास कधी दीड-दोन वर्षांनीही, प्रथम माजावर येते आणि पुढे बहुधा दर सहा-सात महिन्यांनी पुन्हा येते. योनीमुखावर सूज, तो भाग सतत चाटणे, वारंवार लघवी आणि फरशीवर रक्ताचे थेंब ही त्याची लक्षणे होत. पहिला थेंब दिसला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

माज साधारण तीन आठवडे चालतो. सुरुवातीचे नऊ-दहा दिवस रक्त लाल असते आणि जवळ येणाऱ्या नराला ती गुरगुरून हुसकावते. नंतर स्राव फिका, वाळल्या गवताच्या रंगाचा होतो, आणि इथेच बहुतेक घरांत चूक होते: डाग थांबले म्हणजे सारे संपले, असे समजून तिला मोकळे सोडले जाते. वास्तविक गर्भधारणेचे दिवस तेव्हाच सुरू झालेले असतात. म्हणून रोज सकाळी पांढरा टिश्यू पेपर योनीमुखाला हलकेच टेकवून रंग पाहावा. शेपटीच्या मुळाशी खाजवल्यावर ती शेपटी एका बाजूला वळवून निश्चल उभी राहू लागली, की ती नराला स्वीकारण्यास तयार झाली आहे असे समजावे. आमची कुत्री बाराव्या दिवशी, दूध घेण्यासाठी दार किलकिले केले तेवढ्यात, दोन जिने उतरून फाटकापर्यंत पोहोचली होती. एरवी ती उंबरठाही ओलांडत नसे.

या काळात तिला पट्ट्याशिवाय बाहेर नेऊ नये, अंगणात वा गच्चीवर एकटी ठेवू नये. घरात नसबंदी न झालेला नर असेल, तर तो तिचा सख्खा भाऊ असला तरी त्याला काही आठवडे दुसऱ्या घरी ठेवणे उत्तम. डायपर डाग टिपतो, संबंध रोखत नाही; तो दर काही तासांनी बदलावा, जागा कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी आणि अधूनमधून तिला डायपरविना बसू द्यावे. डागांवरून तिला रागावू नये.

संबंध घडलाच आणि जोडी अडकली, तर ओढून वेगळे करू नये, कारण त्यात दोघांनाही इजा होते; पंधरा-वीस मिनिटांत, कधी थोड्या उशिराने, ती आपोआप सुटतात. त्यानंतर लवकरच पशुवैद्यांना भेटावे. गर्भ राहू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे हा निर्णय घाईने घेऊ नये. भटक्या नराशी संबंध आला असल्यास तेही सांगावे, कारण जननेंद्रियांची संसर्गजन्य गाठ अशा संबंधांतून पसरते.

माज ओसरल्यानंतरचे दोन महिने मला स्वतःला अधिक काळजीचे वाटतात. ती अचानक खूप पाणी पिऊ लागली, जेवण सोडले, उलट्या झाल्या किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गर्भाशयातील पू कित्येकदा बाहेर दिसतही नाही आणि उशीर जिवावर बेततो. पिल्ले नको असतील, तर माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी, त्या भागातील वाढलेला रक्तपुरवठा ओसरल्यावर, नसबंदीची तारीख ठरवावी.