नवख्या माणसाला पहिल्यांदा शूटिंग रेंजवर नेताना काय करायचं

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शूटिंगचं ब्रॉन्झ मिळवलं तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी म्हणतंच, मलापण एकदा शूटिंग करून बघायचंय, घेऊन चल ना. नक्की घेऊन जा. फक्त स्वप्नीलचा इव्हेंट ५० मीटर रायफलचा होता, नवख्याला १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलच द्या. आवाज कमी, धक्का जवळपास नाहीच, त्यामुळे माणूस दचकत नाही, कारण दचकायची सवय एकदा लागली की ती घालवता घालवता नाकी नऊ येतात.

जवळच्या क्लबला आधी फोन करून विचारा, कोच कधी असतात, क्लबची गन मिळेल का. स्वतःची गन घ्यायचा विषय आत्ता काढूच नका.

सेफ्टीचं घरीच सांगून ठेवा, रेंजवर गन समोर दिसली की कोणाचं ऐकण्यात लक्ष नसतं. गन रिकामी असली तरी भरलेलीच समजायची, नळी कायम टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि कोच स्टॉप म्हणाले की लगेच थांबायचं. यात सूट नाही, अगदी सख्खा भाऊ असला तरी.

निघायच्या आधी डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी फट ठेवायची, त्यातून भिंतीवरचं बटण बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला बटण जागेवरच दिसतं तो मुख्य डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर कोचना आधीच सांगा.

आता रेंजवर. सुरुवातीला रायफल स्टँडवर टेकवूनच मारू द्या, कारण ती चार-पाच किलोची असते आणि उभं राहून धरली की नवख्याचं सगळं लक्ष वजनाकडेच जातं. आणि टार्गेटचा कागद उलटा लावा, पांढरी बाजू समोर. मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. रायफलच्या टार्गेटवर मधोमध असलेला १० गुणांचा भाग म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तो दिसला की माणूस त्याच्याच मागे लागतो आणि ट्रिगर खेचतो. कोऱ्या कागदावर मारायला सांगितलं की तो हाताकडे आणि श्वासाकडे लक्ष देतो. पिस्तूल असेल तर पुढची साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) स्पष्ट दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल, हे परत परत सांगावं लागतं.

श्वास अर्धा सोडून थांबायचं, ट्रिगर हळूहळू दाबत जायचा, पेलेट (एअर गनची छोटी गोळी) सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर गन खाली ठेवायची, दम घ्यायचा, परत धरायची. असा शॉट न मारता गन खाली ठेवली की त्याला शाब्बास म्हणा, कारण घाईत मारलेल्या दहापेक्षा ते जास्त कामाचं आहे.

पाच शॉट झाले की ग्रुपिंग, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडली, ते बघा. भोकं एकमेकांजवळ आली असतील तर डावीकडे गेली का खाली गेली याने काही बिघडत नाही, कोच साईटचे स्क्रू क्लिक-क्लिक फिरवून ग्रुप मधोमध आणतील. मगच कागद सुलटा लावा. तीस-चाळीस पेलेट झाले की बास, खांदा दुखायला लागल्यावर मारलेले शॉट सगळं शिकलेलं बिघडवतात. पेलेट शिशाचे असतात, तेव्हा बाहेर चहा-वडापाव खायच्या आधी दोघांनीही हात साबणाने नीट धुवा.