चालता फुल एचडी टीव्ही काढून ४के घ्यावा का? आधी टेप घ्या, मग शोरूम गाठा

सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यात एक्स्चेंज ऑफर आणि बिनव्याजी हप्ते जोडीला असले की भिंतीवरचा धडधाकट फुल एचडी टीव्ही अचानक जुनाट वाटू लागतो. तो खरंच बदलावा का, हे ठरवायला एक टेप आणि आठवडाभराची वहीतली नोंद पुरते.

पहिलं काम: अंतर मोजा

सोफ्यावर रोज टेकता तसे टेकून बसा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंत टेप धरायला सांगा. सोफ्याच्या पुढच्या कडेपासून मोजू नका, तिथेच दीड-दोन फुटांची गफलत होते.

आता टीव्ही जितक्या इंचांचा असेल, त्याला ०.१३ ने गुणा. उत्तर फुटांत येईल. ४३ इंचांना साधारण साडेपाच फूट, ५५ इंचांना सात, ६५ इंचांना साडेआठ. तुम्ही यापेक्षा लांब बसत असाल, तर त्या आकारात फुल एचडी आणि ४के यांच्या बारकाव्यातला फरक तुमच्या डोळ्यांना जवळजवळ कळणार नाही.

हा आकडा कुठून आला? डोळ्यांच्या तपासणीत ६/६ ची ओळ वाचणारी नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. त्याहून बारीक ठिपके एकमेकांत मिसळून दिसतात. फुल एचडीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. ४के मध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. ठिपके चौपट झाले तरी लांबून ते एकजीवच दिसणार. घरातल्या पोरांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते, म्हणून फूटभर सवलत धरा. तरीही दहा फुटांवर सोफा असलेल्या हॉलमध्ये हा फरक दिसू लागायला टीव्ही ७५ इंचांच्या आसपास हवा. तेवढी भिंत आपल्यापैकी कितीजणांकडे आहे?

यावरून एक गोष्ट उघड होते. ४३ चा फुल एचडी काढून ४३ चाच ४के आणणं हा बहुतेक घरांत सगळ्यात फुकट जाणारा खर्च. ४३ वरून ५५ वर गेलात तर फरक लगेच जाणवेल, पण तो मुख्यतः आकाराचा.

दुसरं काम: तुम्ही बघता काय?

आठवडाभर टीव्हीवर काय चालतं ते लिहून ठेवा. संध्याकाळच्या मराठी मालिका आणि बातम्या हाच मुख्य रतीब असेल, तर त्या ४के मध्ये येतच नाहीत. डिशवरचं एचडी चॅनेल फार तर फुल एचडीच्या दर्जाचं असतं आणि साधं एसडी चॅनेल ७२० गुणिले ५७६ चं, म्हणजे जेमतेम चार लाख ठिपक्यांचं. ४के टीव्हीला त्यातून ८३ लाख ठिपके भरायचे असतात. एकाचे वीस करताना टीव्ही उरलेला तपशील अंदाजाने रंगवतो, आणि स्वस्त टीव्हीचा अंदाज बेताचाच असतो. नवा मोठा टीव्ही आणल्यावर ‘चित्र आधीपेक्षा खराब दिसतंय’ असं लोक म्हणतात, त्याचं कारण बहुधा हेच.

म्हणून टीव्ही बदलण्याआधी सेट-टॉप बॉक्सच्या मागे एकदा डोकावा. तिथे अजून लाल-पांढरी-पिवळी वायर लावलेली असेल, तर एचडी चॅनेलचे पैसे भरूनही तुम्ही एसडीच बघताय. एचडी बॉक्स, एचडी पॅक आणि एक एचडीएमआय केबल एवढ्यावर कित्येकांची तक्रार मिटते.

ओटीटीचं गणित वेगळं. यूट्यूबवर ४के फुकट आहे. नेटफ्लिक्सवर मात्र ते फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं. खालच्या प्लॅनवर असाल, तर टीव्ही कितीही भारी आणा, चित्र फुल एचडीच्या वर जाणार नाही. आयपीएल २०२३ पासून मोबाइल-टीव्हीच्या ॲपवर ४के मध्येही दाखवली गेली, त्यामुळे क्रिकेटवेड्या घरांचा दावा थोडा भक्कम. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएसचा वेग सुचवतं आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवत असाल, तर रोजचा दीड जीबी पाव तासात संपेल.

जाता जाता एक: थिएटरांतले असंख्य प्रोजेक्टर २के आहेत, म्हणजे २०४८ गुणिले १०८०, फुल एचडीहून किंचित जास्त. एवढ्या अवाढव्य पडद्यावर ते चित्र बघून बाहेर पडताना कुणी ‘ठिपके दिसले’ म्हणत नाही.

तिसरं काम: ठिपके सोडून बाकीचं तपासा

नव्या टीव्हीचं चित्र ज्यामुळे खरोखर सुंदर दिसतं, ते बऱ्याचदा ४के नसतंच. ते असतं एचडीआर, म्हणजे झगझगीत उजेड आणि गडद काळोख एकाच दृश्यात नीट दाखवण्याची ताकद. गोची अशी, की खोक्यावर एचडीआर छापलेल्या स्वस्त टीव्हीचा पडदा तेवढा उजेड पाडूच शकत नाही. ब्राइटनेस किती निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं माप) आणि लोकल डिमिंग, म्हणजे पडद्याचा एकेक भाग वेगळा मंद करायची सोय, आहे का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर अडीचशे-तीनशे निट्स आणि ‘नाही’ असं आलं, तर एचडीआरसाठी पैसे मोजू नका.

चौथं काम: शोरूममध्ये आठ पावलं मागे

शोरूममधला टीव्ही डोळे दिपवणाऱ्या मोडवर असतो आणि त्यावर खास त्यासाठीच बनवलेले फुलपाखरांचे, धबधब्यांचे व्हिडिओ चालतात. घरी जेवढं अंतर मोजलंत, तेवढ्यावर जाऊन उभे राहा. सेल्समनला सिनेमा किंवा होम मोड लावायला सांगा, मग यूट्यूबवर एकच व्हिडिओ आधी १०८० पी (फुल एचडी) आणि नंतर २१६० पी (४के) वर लावायला सांगा. सोबतच्या माणसाला पाठ फिरवून उभं करा, मग बघायला सांगून कोणता कोणता ते ओळखायला लावा. ओळखता आलं नाही तर पैसे वाचले. शेवटी एखादं साधं एसडी चॅनेल लावून घ्या. कुरकुर झाली तरी हट्ट सोडू नका, कारण रोज घरी तेच बघायचं आहे.

मग ठरवा

जुना बिघडलाय आणि ४३ इंच किंवा वरचा घ्यायचाच आहे, तर ४के घ्या. त्या आकारांत आता फुल एचडीला निवडच फारशी उरलेली नाही. टीव्हीला प्लेस्टेशन किंवा कॉम्प्युटर जोडून चार-पाच फुटांवर बसणाऱ्यांनीही बिनधास्त घ्यावा. ४के आणि १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांच्या वेगाने, खेळायचं असेल, तर पडदा १२० हर्ट्झचा आणि पोर्ट एचडीएमआय २.१ चा हवा. चालता फुल एचडी, सोफा लांब आणि बघणं मालिकांचं, अशा घरांनी माझ्या मते थांबावं. जुन्या टीव्हीचं ॲप बंद पडलं असेल, तर स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावून ॲप चालवणारी छोटी काडी) लावा आणि उरलेल्या पैशांत साउंडबार बघा.

८के, म्हणजे ४के च्याही चौपट ठिपके, याचा विचारही करू नका. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १ डिसेंबर २०१८ ला ८के प्रक्षेपण सुरू केलं, आपल्याकडे तसं चॅनेल नाही. शिवाय ६५ इंचांवर फरक दिसायला जेमतेम चार फुटांवर बसावं लागेल.

४के घेतलाच, तर बसवायला आलेला माणूस जायच्या आत दोन गोष्टी करून घ्या. पिक्चर मोड सिनेमावर आणा. आणि ज्या एचडीएमआय पोर्टला बॉक्स किंवा स्टिक लावली आहे, त्याच्या सेटिंगमध्ये ‘एन्हान्स्ड’ किंवा तत्सम नावाचा पर्याय असेल तो चालू करा. कित्येक टीव्हींवर तो बंदच येतो आणि मग ४के एचडीआर पूर्ण दर्जाने पडद्यापर्यंत पोहोचत नाही.