चालती गाडी मधेच बंद पडते? किक मारण्याआधी या चुका टाळा

गाडी रस्त्यात बंद पडली की लोक आधी किकवर उभे राहतात. किक, सेल्फ, परत किक, मग चोक ओढून किक. तोवर ठिणगी देणारा प्लग पेट्रोलने ओला होतो, बॅटरी उतरते आणि मूळ दोष कुठे होता याचा माग पुसला जातो. मग ढकलत गॅरेजला आणतात. इथे ती पहिल्या किकला सुरू होते. कधी बंद पडते विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अशीच, कधीपण."

कधीपण काही बंद पडत नाही. सिग्नलला एक्सिलेटर सोडल्यावर पडते, की साठच्या स्पीडला? गचके देत, ताकद सोडत गेली, की खटकन गेली? मीटरवरचे दिवेही विझले का? हँडल वळवताना, खड्ड्यात आपटल्यावर, की गाडी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी? एवढं सांगितलंत तर अर्धं काम झालं. गचके देत गेली तर बहुतेक वेळा पेट्रोल पोचत नाही. खटकन गेली तर करंट तुटतोय. दिवेही गेले तर बॅटरीचं टर्मिनल, फ्यूज नाहीतर चावीचं लॉक. हा काही नियम नाही, पण मी शोधायला सुरुवात इथूनच करतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद करणं. टाकीतून पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. पावसाळा आला की लोक झाकणावर प्लास्टिकची पिशवी बांधतात, रबर लावतात, वर रेक्झिनचं कव्हर घट्ट ओढतात. पाणी आत जाऊ नये हा हेतू चांगला, पण हवाही जात नाही. टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं.

साखरप्याचा एक पोरगा कोल्हापुरात नोकरीला होता, दर शनिवारी जुन्या स्प्लेंडरवर गावी जायचा. शहरात गाडी कधी बंद पडायची नाही. कोल्हापूर सोडलं की मलकापूरच्या आसपास ठसके द्यायची आणि बसायची. पंधरा मिनिटं थांबलं की सुरू, पुढे आंबा घाटाच्या तोंडाशी परत तेच. "गरम झाली की बंद, थंड झाली की चालू," म्हटल्यावर आधीच्या मिस्त्रीने प्लगला करंट देणारी कॉइल बदलली होती. त्यात त्याची चूक म्हणणार नाही, तापून फेल होणारी कॉइल अगदी अशीच वागते. पुढे प्लग झाला, ठिणगीची वेळ सांभाळणारा सीडीआय झाला, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटरही नवीन बसला. पोराचा पगार स्पेअर पार्टच्या दुकानात जायला लागला.

माझ्याकडे आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "काका, गंमत म्हणजे टाकी फुल्ल केली की जास्त लवकर बंद पडते. म्हणून हल्ली शंभराचंच टाकतो."

तिथेच कळलं. कॉइलला टाकी भरलेली की रिकामी याच्याशी काय देणंघेणं? भरलेल्या टाकीत वर हवेला जागा थोडी असते, म्हणून थोडं पेट्रोल उतरलं की दाब लगेच पडतो. अर्ध्या टाकीत हवा जास्त, म्हणून तीच गाडी जास्त अंतर ओढते. थांबल्यावर झाकणाच्या रबरामधून हळूहळू हवा झिरपते, कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी भरते आणि लोकांना वाटतं इंजिन थंड झालं म्हणून चालू झाली. झाकण उलटं करून पाहिलं तर हवेच्या वाटेत एम-सील भरलेलं! आदल्या पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं म्हणून पठ्ठ्याने स्वतःच भरलं होतं आणि विसरून गेला होता. टाचणीने खरवडून काढलं, त्याचे पैसे काय घेणार? कॉइल, सीडीआय, कार्बोरेटरचे मात्र गेले ते गेले.

म्हणून गाडी ठसके देत बंद पडली तर किक मारू नका. गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि आधी टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढली गेल्याचा 'सूं' आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी सुरू झाली, तर झाकण बघा. आवाज नाही आला तर कार्बोरेटरच्या वाटीखाली ड्रेनचा स्क्रू असतो. तो थोडा सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. सायलेन्सर तापलेला असेल तर आधी थांबा, आणि विडी-सिगारेट लांब. वाटी कोरडी असेल तर दोष टाकी, कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी), फिल्टर किंवा पाइपमध्ये. पेट्रोल धो धो येतंय तर वर शोधण्यात अर्थ नाही, प्लग बघा. बाटलीच्या तळाशी वेगळा थर किंवा थेंब लोळताना दिसले तर ते पाणी आहे. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की इथेनॉल त्याच्याबरोबर खाली बसतं आणि कॉकला पहिलं तेच लागतं. मात्र गाडी बंद पडली की इथेनॉलला शिव्या घालून मोकळं होणारेही बरेच झालेत. आधी झाकणाचं रबर फाटलंय का ते तरी बघा.

कॉक 'ऑन'वर आणि पेट्रोल संपत आलेलं, रिझर्व्हला लावायचं राहिलं. हसू नका, गॅरेजपर्यंत ढकलत आणतात.

चोक ओढलेला राहिला तर गाडी गरम झाल्यावर घुसमटते. तेही बघा.

दुसरी चूक मिस्त्री लोकांचीही आहे, आणि यावर मी भांडतो. सिग्नलला गाडी बंद पडते म्हटलं की स्क्रू फिरवून 'स्लो' वाढवून द्यायचा. दोन मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांचं आयडलिंग, म्हणजे एक्सिलेटर सोडल्यावर इंजिन फिरतं तो वेग, १४०० आरपीएमच्या आसपास असतं. ते मुळातच खाली आलं असेल तर स्क्रू फिरवा, हरकत नाही. पण काल बरोबर असलेलं आज का पडलं? कार्बोरेटरच्या स्लो जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) कचरा असेल, कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबर जॉइंट तडकून हवा ओढत असेल, नाहीतर टॅपेट टाइट झाले असतील, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट कमी झाली असेल. टाइट टॅपेटची गाडी सकाळी छान चालते आणि तापली की सिग्नलला जीव सोडते, कारण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. स्लो वाढवून तुम्ही ते झाकता, आणि तसंच चालवत राहिलात तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. मग हेड खोलायचं काम. टॅपेट थंड इंजिनवर, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालूनच सेट करून घ्या. "हाताला कळतं" म्हणणाऱ्याचा हात किती का बसलेला असेना, मी गेज मागतो. आणि "काका, अर्ध्या तासात होईल का?" विचारणाऱ्याला मी सकाळी परत बोलावतो. इंजिन रात्रभर थंड व्हायला हवं.

रबर जॉइंट तपासायचा तर गाडी चालू ठेवून त्याच्यावर थोडं साबणाचं पाणी शिंपडा. आयडलिंग बदललं तर तिथून हवा जातेय.

जेटमध्ये सुई, तार, सेफ्टी पिन घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. पेट्रोलमध्ये बुडवून हवा मारा, नाहीतर नवीन घ्या.

हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून बघा, गाडी उभी आणि चालू असताना. बंद पडली तर मानेजवळची वायर आतून तुटली आहे. वरून ती धडधाकट दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रेशरने गाडी धुताना पाण्याचा झोत प्लग कॅप, कॉइल आणि स्विचवर मारू देऊ नका. नवीन गाड्यांत साइड स्टँडच्या स्विचवर चिखल बसला की स्टँड वर असूनही इंजिन बंद पडतं.

चालता चालता इंजिन जड होऊन थांबलं आणि किकच खाली जात नसेल, तर जोर लावू नका. ऑइल बघा आणि टेम्पोत घाला.

बीएस-६ नंतरच्या इंजेक्शन गाड्यांना वरचं कार्बोरेटरचं शास्त्र लागू नाही. तिथे चावी चालू केल्यावर पंपाचा 'झूं' आवाज दोनेक सेकंद येतो. तो ऐकायची सवय लावा. आवाज नसेल तर हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच आणि फ्यूज बघा. पेट्रोल नेहमी तळाला ठेवून फिरवू नका, पंपाला थंड ठेवतं ते पेट्रोलच. उलट "वरपर्यंत भर रे" म्हणून टाकी गळ्यापर्यंतही भरू नका, वाफेच्या नळीतून पेट्रोल वाफ धरून ठेवणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जातं आणि गाडी ठसके द्यायला लागते. इंजिनचा पिवळा दिवा लागला तर तो घालवण्यासाठी आधी बॅटरी काढू नका, मिस्त्रीला मशीनवर बिघाडाचा कोड वाचू द्या.

फ्यूज बहुतेक बॅटरीजवळ असतो आणि जादाचा फ्यूज पुष्कळदा त्याच डबीत सापडतो. नसेल तर तितक्याच अँपिअरचा विकत घ्या, काही रुपयांत मिळतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवलेली एक गाडी आली होती. शॉर्टसर्किट होतं तसंच राहिलं आणि सीटखालचं सगळं वायरिंग वितळून एक गोळा झाला होता.